हिरवी तार

वाशिम, ९ जून २०२४

वर्षाताई,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली लिहायची असते. मी जेलात आहे, आई जाऊन एकवीस दिवस झाले आणि तू पुण्यात आहेस. झाली खुशाली. इथे फोनवर मिळतात ती मिनिटं वकिलाशी बोलण्यातच संपतात, म्हणून शेजारच्या कैद्याच्या वहीतली पानं मागून घेतली. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. अक्षराला हसू नकोस.

तू मातीला पोचलीस तेव्हा आईला अंघोळ घालून, हिरवं पातळ नेसवून, मळवट भरून ठेवलं होतं. ती कशी पडली होती ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं, म्हणून तुला सांगतो.

सकाळचे दहा वाजले असतील. मी ओट्यावर बाजेवर पडून मोबाईल पाहत होतो. आई काहीतरी बोलली आणि बादली घेऊन आत गेली. मग बादली आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, पुन्हा गुडघा मुडपला असेल. आत गेलो तर ती कूलरला चिकटलेली. उजव्या हाताची बोटं जाळीत, दात गच्च, डोळे सताड, पायाखाली पाणीच पाणी. मी ओढायला हात लावला तर मलाच झटका बसून मी दारावर आदळलो. बाबांनी मेन बंद केला तेव्हा ती भिंतीला घासत खाली बसली. तिच्या तळव्यावर जाळीचे चौकोन काळे उमटले होते. ते मी मोजत बसलो होतो, दुसरं काही सुचतच नव्हतं.

आता तिसऱ्या दिवसाचं. राख सावडून आम्ही ओल्या कपड्यांनी परत येत होतो. स्टँडजवळ धनराजचं दुकान उघडं दिसलं. ताई, उघडं! पंधरा वर्षांपूर्वी आपल्या घराची फिटिंग त्यानं केली. तू पाठवलेल्या त्या फोनवर लाइट लागणाऱ्या डब्या त्यानं बसवल्या. त्या चुकीच्या जोडल्या म्हणून कूलरच्या पत्र्यात करंट उतरला, हे पंचनाम्याच्या वेळी वायरमन माझ्यासमोर बोलला. आणि हा माणूस कुणाचा तरी पंखा मांडीवर घेऊन बसला होता. मला पाहून उठला. "विकास, लई वाईट झालं बाप्पा," म्हणाला. पुढेही काही बोलत होता. काउंटरवर त्याचीच हातोडी होती.

पहिला घाव जबड्यावर बसला. मग मी त्याचा उजवा हात काउंटरवर दाबून धरला आणि मारत राहिलो. वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज दोनदा आला, नंतर नुसता ओला आवाज. चंदाबाई, त्याची बायको, मागच्या खोलीतून धावत आली आणि माझ्या पाठीवर पडली. मी तिला झटकलं. चौघांनी मिळून मला खाली पाडलं तेव्हा हातोडी माझ्या मुठीतून निघत नव्हती.

मला वाईट वाटत नाही. ज्या हातानं तार जोडली तो हात गेला. जामीन होऊ दे, डावा बाकी आहे.

दहाव्याला बाबांनी एकट्यानंच केस काढले म्हणे. ते मला भेटायला एकदाही आले नाहीत. त्यांना विचार, काहून?

विकास

*

पुणे, २० जून २०२४

प्रिय विकू,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मध्येच उठून मोरीत गेले. असं लिहीत जाऊ नकोस रे. तुझी पत्रं तिथे कुणीतरी उघडून वाचत असणार. "डावा बाकी आहे" हे वाक्य सरकारी वकिलाच्या हाती लागलं तर जामीन विसर. तुझा वकील म्हणतो, दु:खाच्या भरात झालं असंच धरून चालायचं. तर तूही तसंच धरून चाल.

धनराजभाऊ अकोल्याला दवाखान्यात आहे. तीन बोटं काढली. जबडा तारेनं बांधलाय, कांजी तेवढी जाते. आईच्या मरणाबद्दल निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर लागलाय, सुटी झाली की त्यालाही अटक होईल असं म्हणतात. हे वाचून तुला बरं वाटेल म्हणून सांगत नाही.

मी कामावर जायला लागले. तुला माहीतच आहे माझं काम. दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांना सांगायचं, मिक्सर बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा, मागचं लाल बटन दाबा. तू चिडवायचास, की ताई न पाहता दुरुस्ती करते. परवा एका बाईला धड काही सांगताच येईना. मी फोन ठेवून दिला.

आपल्या घरच्या लाइटचं ॲप माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. रोज संध्याकाळी सातला मी खोलीवर पोचले की इथून अंगणातला दिवा दोनदा उघडझाप करायचे. आई ओळखायची की पोरगी सुखरूप पोचली, आणि मग फोन करायची. आता ॲप उघडलं की सहाही नावांपुढे एकच शब्द येतो, ऑफलाइन. काढून टाकायला बोट धजत नाही.

तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, नीट आठवून सांग. धनराजभाऊला डब्या बसवताना तू स्वतः पाहिलं होतंस का? आणि त्या दिवशी दुकानात तो नेमकं काय बोलला?

बाबांचं मी बघते. ते बोलत नाहीत, माझ्याशीही नाही.

तुझी ताई

*

वाशिम, २ जुलै २०२४

ताई,

तू वकिलासारखे प्रश्न विचारायला लागलीस.

पाहिलं नाही. होळीनंतर तो एकदा आला होता तेव्हा मी घरीच होतो. बोर्ड उघडला, टेस्टर लावला, डोकं खाजवलं, चहा पिऊन गेला. पुढच्या रविवारी मी किन्हीराजाला लग्नात होतो. सोमवारी आलो तर सहाही डब्या बसलेल्या. आई चुलीपाशी बसून फोनवर बोट ठेवत होती आणि अंगणातला लाइट लागत होता. बाबा मोरीत अंघोळ करत होते तर तिनं तिथलाही घालवला. आतून बाबा ओरडले, "रुख्मिणे, साबन डोयात गेली!" एवढी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती. मी विचारलं, कुणी बसवल्या? "धनराज येऊन गेला काल," ती म्हणाली. माझी आई माझ्याशी खोटं बोलेल का?

तो काय बोलला विचारतेस, तर हातोडी बसल्यावर सगळे बोलतात तेच. "म्या नाई जोडलं रे! तुह्या बाबाले इचार!" बाबाले इचार म्हणे! मार चुकवायला माणूस कुणाचंही नाव घेतो. बाकी काही बोलला नाही.

इथली खबर अशी की मला चार दिवस वेगळं ठेवलं होतं. एक चोरीतला पोरगा आहे, त्याला माझी केस कळली. जेवणाच्या रांगेत म्हणाला, "मोबाईलवरचा लाइट लावून राह्यला अन् मायले..." पुढचे शब्द लिहीत नाही. मी त्याचं डोकं धरून थाळी ठेवतात त्या कट्ट्यावर आपटलं. समोरचे दोन दात पडले. रक्त त्याच्या वरणात सांडलं तरी मी सोडलं नव्हतं. ताई, मला काय होतं ते मलाही सांगता येत नाही. आधी हात निघून जातो, मागून मी पोचतो. लहानपणी तुझ्या बाहुलीचं डोकं मी भिंतीवर फोडलं होतं, आठवतं? तू बाबांना सांगितलं, की पडून फुटलं. माझ्यासाठी खोटं बोलायची तुमची सवय जुनीच आहे.

बरॅकीतला दिवा बारा तास चालू असतो आणि बटन बाहेर आहे. तुझ्या ॲपवर चालतो का बघ.

बाबा अजून आले नाहीत.

विकास

*

अनसिंग, २१ जुलै २०२४

विकू,

आठ दिवसांची रजा टाकून घरी आले आहे. भेटीच्या दिवशी तुझ्याकडे येणार होते, पण बाबांनी माझ्या पिशवीवर हात ठेवला आणि मान हलवली. मग पत्र लिहायला बसले.

घरात दोन महिने वीज नाही. बाबांनी मेन बंद करून त्याच्या खटक्याला आईचं जुनं पातळ गुंडाळून गाठी मारून ठेवल्यात, कुणी चुकूनही वर करू नये म्हणून. कंदिलावर चाललंय. सोयाबीन पेरून झालंय, डवरणी चालू आहे. बाबा उजाडता वावरात जातात आणि दिवस मावळला की येतात. जेवायला वाढलं तर अर्धी भाकर खातात आणि उरलेली हातात धरून बसून राहतात.

स्टँडकडे गेले होते. धनराजभाऊचं दुकान जळलंय. तुला अटक झाली त्याच संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या पोरांनी पेटवलं. शटर वाकून आत गेलंय, पंख्यांच्या पात्या वितळून एकमेकींना चिकटल्यात. चंदाबाई समोरच्या ओट्यावर बसली होती. मला पाहिलं आणि पायातली चप्पल काढून फेकून मारली. खांद्याला लागली. "जाय, तुह्या भावाले सांग, माह्या घरात आता हाताले काम नाई," म्हणाली. लोक पाहत होते. मी चप्पल उचलून तिच्या पायाशी नेऊन ठेवली आणि परत आले.

आता मुख्य गोष्ट सांगते. शांतपणे वाच, कुणाच्या तरी जवळ बसून वाच.

मी बैठकीतला बोर्ड उघडला. बाबा आडवे आले होते, "नको हात लावू पोरी," म्हणत होते, तरी उघडला. बोर्डाच्या लाकडी फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. हे इलेक्ट्रिशियन लोक आत काहीबाही लिहून ठेवतात, पुढच्या खेपेला आठवावं म्हणून. धनराजभाऊचंच अक्षर, पंधरा वर्षांपूर्वीच्या "पंखा" आणि "ट्यूब" शेजारी. मी जसंच्या तसं उतरवते:

"परतीची तार नाही. नवीन तार वढल्याबिगर डब्या लावू नये. धनराज, २६/३."

त्या डबीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात तेच छापलंय. आपली साधी बटनं एका तारेवर चालतात, जुन्या घरात बोर्डापर्यंत एकच तार येते. पण ही फोनवाली डबी दिवा बंद असतानाही जागी असते, फोनची वाट पाहत. म्हणून तिला करंटची परतीची तारही लागते. ती आपल्या भिंतीत नाहीच. धनराजभाऊला ते दिसलं, त्यानं लिहून ठेवलं आणि डब्या न बसवता गेला.

विकू, त्यानं जोडलेलं नाही. ज्या माणसाचा तू हात फोडलास त्यानं काहीही केलेलं नव्हतं.

ताई

*

वाशिम, ३० जुलै २०२४

मग कोणी जोडलं?

चार पानं लिहिलीस, पेन्सिल लिहिलीस, चप्पल लिहिलीस, आणि नाव लिहिलं नाहीस. तुला माहीत आहे. तू पहिल्या पत्रापासून विचारत होतीस, पाहिलंस का, ऐकलंस का. माहीत असल्याशिवाय माणूस असं विचारत नाही.

मी तीन दिवस जेवलो नाही. धनराजभाऊनं मला सायकल शिकवली होती. पाचवीत असताना त्याच्या दुकानात मी जुन्या बल्बातली तांब्याची तार काढत बसायचो. त्या माणसाचा हात मी लाकडासारखा ठेचला, तो ओरडत होता ते खरं होतं आणि मला ऐकू आलं नाही. आता हे माझ्या अंगात आहे, ते कुठे तरी बाहेर काढलं पाहिजे. नाव दे.

तो "बाबाले इचार" म्हणाला होता. बाबा मला भेटायला येत नाहीत. तुला बोर्ड उघडू देत नव्हते. मला काही कळत नाही असं वाटतं का? त्यांनी जोडलं असेल तर तसं लिही. बाप आहे म्हणून सोडीन असं समजू नकोस. आईच्या तळव्यावरचे चौकोन मी मोजलेत, सतरा होते. ज्यानं कुणी ती तार जोडली त्याच्या हाताची सतरा हाडं मोडल्याशिवाय मी राहणार नाही, बाप असो की देव असो. धनराजभाऊच्या वेळी चुकलो, आता चुकणार नाही. पोलीस वाचत असतील तर वाचू दे.

नाव.

*

अनसिंग, १२ ऑगस्ट २०२४

विकास,

नाव वर्षाराणी जानराव. तुझी बहीण.

रजा संपली तरी मी परत गेले नाही. तुझं पत्र पुण्याहून फिरून इकडे आलं, म्हणून उशीर. तू बाबांबद्दल जे लिहिलंस ते वाचल्यावर आणखी लपवणं शक्य नव्हतं. आता सगळं सांगते.

एकतीस मार्च, रविवार, दुपार. आईचा व्हिडिओ कॉल आला. धनराज म्हणून गेला की भिंती फोडाव्या लागतील, हंगाम उरकला की पाहू. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "पोरीनं एवढ्या हौसेनं धाडलं, अन् डब्बे कपाटात पडून राह्यले," म्हणत होती. रात्री लाइट घालवायला त्या गुडघ्यांनी उठावं लागू नये म्हणूनच मी ते पाठवले होते. मागच्या बाजूचं बारीक छापलेलं मी घेताना वाचलंच नव्हतं. मग मी इंटरनेटवर शोधलं. कुणी तरी लिहिलं होतं, परतीची तार नसेल तर अर्थिंगची हिरवी तार जोडा, चालतं. खाली दहाजणांनी लिहिलं होतं, करू नका, माणूस मरेल. मी वरचं वाचलं आणि खाली गेलेच नाही. दिवसभर लोकांना न पाहता सांगायची सवय. मला वाटलं, यात काय आहे.

आईनं फोन धरला, बाबांनी पेचकस. मी सांगत गेले. बाबांनी दोनदा विचारलं, "हिरवीच ना? धनराज नाई म्हनत होता पोरी." मी म्हणाले, "बाबा, धनराजभाऊला ह्यातलं काय कळतं?" हे माझे शब्द आहेत, विकू. सहा डब्या, सहा हिरव्या तारा. दिवा लागला तेव्हा आम्ही तिघंही ओरडलो.

त्याच हिरव्या तारेला घरातल्या सगळ्या लोखंडी वस्तूंचं अंग जोडलेलं असतं. कूलरचंही.

मे महिन्यात आई सांगायची की दिवे फडफडतात. तिला वाटायचं मीच पुण्याहून खूण करते आहे. "दिवसातून दहाखेपा कायले बलावतं वं?" म्हणून हसायची. मी म्हणायचे, नेटवर्कमुळे होत असेल. ती मरायच्या आदल्या दिवशीही मी हेच म्हणाले.

आता तू ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवलास त्याबद्दल. आई तुझ्याशी खोटं बोलली. तू किन्हीराजाहून यायच्या आत तिनं आणि बाबांनी ठरवलं, की विकासला सांगायचं, धनराज येऊन गेला. बाबांनी बोर्डाला हात लावला हे कळलं तर तू भांडी फेकशील, बाबांच्या अंगावर जाशील, मागच्या दिवाळीला गेला होतास तसा. तुझ्या रागाला भिऊन तिनं धनराजभाऊचं नाव घेतलं. एवढंसं खोटं, घरात शांतता राहावी म्हणून. आणि बाबा तुला भेटायला येत नाहीत कारण तुझ्यापुढे उभे राहिले तर खरं बोलावं लागेल आणि माझं नाव सांगावं लागेल. "माह्या हातानं झालं थे, पोरीचं नाव घेऊ नको," एवढंच ते मला म्हणतात.

परवा धनराजभाऊच्या घरी गेले, तो जामिनावर सुटून आलाय. दारातच सगळं सांगितलं. वाक्य पुरं व्हायच्या आत चंदाबाईनं माझे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. मग पुन्हा. ओठ फाटला, एक दात हलतो आहे. मी हात वर केला नाही. ती दमली नाही, रडायलाही लागली नाही, मारतच राहिली. आतून धनराजभाऊ म्हणाला, "सोड थिले." जबडा अजून पुरता उघडत नाही, शब्द दातांमधून येतात. मी पायाशी वाकले तर पाय मागे घेतले. "माफी नका मांगू बाई. ठान्यात जाऊन लिहून द्या." मग पुन्हा, "अन् पहिले थ्या हिरव्या तारा काढा. जानरावभाऊ त्याच घरात राहून राह्यले."

त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं की ते अजून तसंच जोडलेलं आहे. नुसत्या एका पातळाच्या गाठीवर बाबा जवळजवळ तीन महिने जगत होते.

धनराजभाऊ शेजाऱ्याच्या गाडीवर बसून आला. बगलेत टेस्टर, उजवा हात फडक्यात. मला स्टुलावर उभं केलं आणि खालून सांगत गेला, हा पेच, डावीकडे, आता ओढा, उघडी सोडू नका, टेप लावा. सहाही बोर्ड माझ्या हातानं उघडायला लावले. कुठेही घाई केली नाही. निघताना अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यापाशी बराच वेळ उभा राहिला, पायानं माती उकरून पाहिली. बाबांना म्हणाला, "ह्यात पानी कोन टाकत होतं?" बाबा म्हणाले, "विकास." त्यानं उकरलेली माती परत लोटली. त्याला अजून कसली शंका होती ते मला कळलं नाही.

काल मी ठाण्यात जबाब लिहून दिला. बाबांनी त्यांचा वेगळा दिला. धनराजभाऊवरचा गुन्हा निघेल. आम्हा दोघांवर लागेल, लागू दे.

एकोणीसला राखी आहे. दरवर्षी पाकिटात घालते. या वेळी धागा हातात घेतला आणि परत ठेवला. तुझी शपथ मला पाठ झाली आहे. सतरा हाडं मोजून घ्यायला तू येशील तेव्हा मी इथेच असेन.

वर्षा

*

वाशिम, २५ ऑगस्ट २०२४

ताई,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझा गळा डोळ्यांपुढे आला. खोटं लिहीत नाही. दोन दिवस मी मनातल्या मनात तुझं तेच करत होतो जे त्याचं केलं. त्यात तू रडत होतीस आणि मी थांबत नव्हतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा पत्र काढलं आणि शेवटचं पान परत वाचलं, खड्ड्याचं.

तुला कळलं नाही ना त्याला कसली शंका होती? मला कळलं. मी एक गोष्ट लिहिली नव्हती. तू सरळ विचारलं होतंस तेव्हा "बाकी काही बोलला नाही" म्हणून मोकळा झालो.

ती हिरवी तार अंगणातल्या खड्ड्यात जाते. मीठ-कोळशाचा खड्डा. तो ओला असला तर चुकीचा करंटही जमिनीत जिरतो. सुकला की करंटला जायला जागा राहत नाही, मग तो घरातल्या पत्र्यात फिरतो. फिटिंग केली तेव्हाच धनराजभाऊनं मला सांगून ठेवलं होतं, "उन्हाळ्यात रोज दोन बादल्या टाकत जाय, विसरू नको." मी शाळेत होतो तेव्हापासून ते काम माझं. एप्रिलभर घरात कुणाला काही झालं नाही ते त्या ओलीमुळे. मे लागला, ऊन वाढलं, मला कंटाळा आला. पंधरा-वीस दिवस मी थेंब टाकला नाही.

त्या सकाळी मी बाजेवर पडलो होतो आणि आई काहीतरी बोलली, असं लिहिलं होतं ना मी? ती काय बोलली ते मला पक्कं माहीत आहे. अंगणात दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या तिनं. म्हणाली, "विकास, खड्ड्यात पानी टाक ना बाप्पा, लाइट फडफडून राह्यला." मी मोबाईलवरून डोळे न काढता म्हणालो, "टाकतो." आणि कूस बदलली. ती थोडा वेळ उभी राहिली. मग त्यातलीच एक बादली उचलून कूलरमध्ये ओतायला आत गेली.

आणि दुकानात धनराजभाऊ उठून उभा राहिला, लई वाईट झालं म्हणाला, त्याच्या पुढे एकच वाक्य बोलला होता. "खड्ड्यात पानी टाकत होता ना रे तू?" दोष देत नव्हता. विचारत होता, कुठे चुकलं ते शोधायला, नादुरुस्त पंख्याबद्दल विचारावं तसं. हातोडी मी त्या वाक्यानंतर उचलली. जबड्यावर पहिला घाव का घातला ते आता सांगायला नको. तो प्रश्न पुन्हा कुणी ऐकू नये म्हणून घातला. हात नंतर फोडला. तो तार जोडणारा होता असं सगळ्यांना वाटलं तर मला बरं होतं, म्हणून फोडला.

मी नाव मागत होतो ना? घे नाव.

वकिलाला सांगितलं, दु:खाच्या भरात वगैरे काही नाही. गुन्हा कबूल करतो. तो चिडून निघून गेला. धनराजभाऊला मी काही लिहिलेलं नाही. त्यानं तुला माफी मागू दिली नाही, मला काय देईल.

बाबांना म्हण, या भेटीला या. त्यांच्यावर ओरडणार नाही. पण मी सुटून येईन तेव्हा तू घरात असू नकोस. आधी बाबांना मला पाहू दे, त्यांनी ये म्हटलं तर ये. माझ्या हातावर माझाच भरवसा नाही.

आणि एक. वीज परत घ्याल तेव्हा आधी धनराजभाऊकडून तपासून घ्या, त्याला डाव्या हातानं टेस्टर धरता येतो. पाऊस संपला की खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी टाकायचं. मीठ पायरीखालच्या पत्र्याच्या डब्यात आहे. त्या दिवशीची दुसरी बादली अंगणात तशीच भरून राहिली होती, तेव्हापासून कुणी रिकामी केली नसेल तर तीच पहिली टाक.

विकास